गव्याच्या चासीवरचा काळा रंग

लातूर, ३ जानेवारी

प्रिय चांदपाशा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला टाकशील, असं धरूनच लिहायला बसलोय. फोन करता आला असता. तुझा नंबर मला अजून पाठ आहे. पण तू फोन उचलला असतास, नेहमीसारखं "हां, बोल उद्धव" म्हणाला असतास, आणि मग माझ्या तोंडून काही निघालं नसतं. सव्वादोन वर्षं हेच झालंय. दर ईदेला फोन हातात घ्यायचा, तुझ्या नावापर्यंत जायचं आणि ठेवून द्यायचा. इंदू विचारायची, "लावला का देगलूरला?" मी म्हणायचो, "लागंना." एकदाही लावला नव्हता.

जूनमध्ये मी रिटायर झालो. रानगवा जीपच्या एजन्सीनं शाल-श्रीफळ दिलं, मालकांनी भाषणात मला 'गव्याचा डॉक्टर' म्हटलं. टाळ्या पडल्या. मी खाली बघून बसलो, तर लोकांना वाटलं माझं मन भरून आलंय. इंदूचे गुडघे दुखतात, पण बाकी ठीक आहे. लेक मृण्मयी नांदेडला कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात आली होती तेव्हा तिनं सहज विचारलं, "चांदपाशाकाका आता का येत नाहीत?" ती बारावीत असताना तू देगलूरहून सीताफळांची पाटी घेऊन आला होतास, ते तिच्या लक्षात आहे. मी उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला गेलो. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

आयटीआय संपल्यावर आपण दोघं नांदेडला हिंगोली गेटजवळच्या एजन्सीत एकाच दिवशी लागलो. तुझ्या अंगात तुझ्या अब्बांचा शर्ट होता आणि माझ्या पायात भावाचे बूट. धोंडप्पा वस्तादांनी आपल्याला पहिल्या दिवशी पाना हातात दिला नाही, हातोडी दिली. रानगवा रॅम्पवर घ्यायचा, खाली उभं राहून चासीवर टोक टोक ठोकत जायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज भरीव आला तर पुढं, पोकळ आला तर तिथंच थांबायचं. "ह्यावर कुनाची तरी लेकरं बसनार हायती," एवढंच ते म्हणायचे. तुला चार दिवसांत आवाज कळायला लागला, मला महिना लागला. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करतो.

काय गाडी होती रे ती! बसायला धड नाही, पावसात ताडपत्रीतून पाणी गळायचं, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. पण मांजरेला पूर आला की तहसीलच्या सगळ्या गाड्या काठावर उभ्या राहायच्या आणि गवा पाण्यात उतरायचा. तुमच्या देगलूरचे व्यापारी तूर-मुगाची पोती भरून निजामाबादेपर्यंत न्यायचे, पुलाच्या नावानं नुसते दगड असलेल्या नाल्यांतून. परत यायचे ते फक्त ऑइल बदलायला. कारखाना आपल्या माणसांचा होता. कागदावर आपण नोकर, पण बोलताना 'आमची गाडी' म्हणायचो.

मग मी लातूरच्या एजन्सीत वर्कशॉप मॅनेजर म्हणून आलो आणि तू देगलूरला स्वतःचं गॅरेज टाकलंस. उद्घाटनाला रईसाभाभींनी इंदूला साडी दिली होती. पुढं कंपनी परदेशी लोकांनी घेतली. जुन्या मालकांच्या पोरांना गाड्यांत रस नव्हता, त्यांनी विकून टाकली. आमचे खाकी कपडे गेले, निळे टी-शर्ट आले. बॉनेटवरचा दणकट गवा जाऊन तिथं दोन बारीक शिंगं आली. नवं मॉडेल आलं तेव्हा मी तुला मुद्दाम बोलावलं होतं. एसी, टीव्हीसारखा पडदा, मागचं दाखवणारा कॅमेरा. दार एका बोटानं मऊ आवाजात लागायचं आणि गिऱ्हाईक तिथंच पाघळायचं. तू मात्र सरळ गाडीखाली गेलास. पुढच्या चाकाला चासीशी धरून ठेवणारी जी लोखंडी पकड असते, तिच्या जोडावरून अंगठा फिरवलास आणि बाहेर येऊन हळूच म्हणालास, "उद्धव, ये टाका है, वेल्डिंग नै." जुन्या गाडीत त्या जोडावर सलग वेल्डिंग असायचं, इथं तुटक तुटक चार ठिपके होते. पत्राही पातळ होता. मी हसून म्हणालो, "आता कंप्युटर हिशोब करतो, वस्ताद." तू चहा पिऊन गेलास.

त्यानंतर मी काय करत राहिलो ते सांगतो. चहाच्या टपरीवर, लग्नात, कुठंही विषय निघाला की मी सांगायचो, परदेशी लोकांनी गव्याची वाट लावली. त्यांना काय घेणंदेणं, त्यांना कुठं आपल्या रस्त्यांवरून जायचंय. लोक माना हलवायचे. मलाही बरं वाटायचं. आपण जुने, आपण अस्सल, पाप सगळं समुद्रापलीकडचं. हे बोलणं पूर्ण खोटं नव्हतं. पत्रा त्यांच्याच काळात पातळ झाला. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, इंदूलाही नाही.

त्यांचा एक इंजिनिअर लातूरला आला होता. अपघाताच्या आठ महिने आधी, फेब्रुवारीत. उंच, टक्कल पडलेला, आपल्याच वयाचा. सोबत पुण्याच्या ऑफिसातला एक साहेब, इंग्रजीचं मराठी करायला. पुणेकरांनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं, पाहुण्यापुढं घरातलं काढायचं नाही. पाहुणा मालकांच्या केबिनमध्ये फार थांबला नाही, थेट माझ्याकडं रॅम्पवर आला. खिशातून कागद काढला आणि पेन्सिलीनं त्याच पकडीचं चित्र काढलं, अगदी झकास काढलं. जोडावर एक बारीक तिरपी रेघ ओढली आणि माझ्याकडं बघून विचारलं. दुसऱ्या देशात अशा तक्रारी आल्यात, इथं असा तडा कधी दिसला का? मला इंग्रजी येत नाही, पण चित्र कळत होतं. चांदपाशा, तोवर मी असे दोन तडे पाहिले होते. एक अहमदपूरच्या गाडीत, एक शिरूर अनंतपाळच्या. दोन्ही गुपचूप वेल्ड करून दिल्या होत्या. शेजारी मालक उभे होते. त्या महिन्यात एजन्सीला मोठं मानांकन मिळायचं होतं, त्यासाठी तक्रारीचा रकाना कोरा पाहिजे होता. मी मान हलवली. "नो सर." एवढं इंग्रजी मला येत होतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं, माझा ग्रीसचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले आणि गेला. ज्यांना मी गावभर शिव्या घालत होतो, त्यांच्यातला एक माणूस स्वतः येऊन, वाकून, खरं काय ते विचारत होता. खोटं मी बोललो, हिंगोली गेटच्या धोंडप्पा वस्तादांचा चेला.

आता ऑक्टोबरचं. जळकोटचे गुरांचे डॉक्टर मृत्युंजय, त्यांची सासुरवाडी तुमच्या देगलूरची. तिकडं येताना पुढून कटकट आवाज येतोय म्हणून त्यांनी गाडी तुझ्याकडं आणली. तू खाली शिरलास, तडा पाहिलास आणि हात लावला नाहीस. त्यांना म्हणालास, "मी जोडली तर कंपनी हात वर करील. असंच हळूहळू लातूरला जा, पकड बदलून घ्या." आणि मला फोन केलास. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "उद्धव, गाडी तुझ्याकडं लावून राहिलो. डॉक्टर लई भला माणूस हाय, रानोमाळ फिरतो. पकड बदलल्याबिगर सोडू नको. जबान दे." मी जबान दिली.

गाडी दुसऱ्या दिवशी आली. तडा करंगळीएवढा होता. पकड स्टॉकमध्ये नव्हती. मागवायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं असतं तर फेब्रुवारीतलं माझं 'नो सर' उघडं पडलं असतं. मालकांनी विचारलं, "चालंल का काही दिवस?" त्यांनी फक्त विचारलं होतं, हुकूम केला नव्हता, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. मी म्हणालो, चालेल. वरवर वेल्डिंगचा एक टाका मारला आणि तो दिसू नये म्हणून ब्रश घेऊन त्यावर काळा रंग मारला. दुसऱ्या कुणाच्या हातात ब्रश दिला नाही. जॉब कार्डावर लिहिलं, 'ग्रीसिंग केले, आवाज बंद.' डॉक्टर बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते. त्यांना म्हणालो, "बिनघोर चालवा." ते पाया पडल्यासारखे वाकले. मी वयानं मोठा ना.

अकराव्या दिवशी जळकोटच्या अलीकडच्या उतारावर पकड तुटली. पुढचं चाक आत वळलं आणि गाडी कडेच्या दगडांवर आडवी झाली. डॉक्टर एका अडलेल्या म्हशीकडं निघाले होते. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून गेला. म्हणजे हात आहे, त्यात जीव नाही. गुरांच्या डॉक्टरचा उजवा हात, चांदपाशा. पोटात आडवं आलेलं वासरू फिरवायचा हात.

पुढचं तुला माहीतच आहे, पण ते तुला माझ्याकडून कळलं नव्हतं, म्हणून लिहितो. पुण्याहून तपासणीला लोक आले. त्यांना कारण हवं होतं, आणि कारण मी दिलं. गाडी आधी देगलूरला एका बाहेरच्या गॅरेजात गेली होती, एवढं एकच खरं वाक्य मी वापरलं. बाकी रिपोर्ट मी माझ्या हातानं लिहिला. 'पुढील भागावर अनधिकृत गॅरेजमधील पान्याच्या खुणा व निकृष्ट वेल्डिंग आढळले.' पान्याच्या खुणा माझ्या होत्या, वेल्डिंग माझं होतं. सही पण माझीच. पेपरच्या जिल्हा पानावर चार ओळी आल्या, त्यात तुझ्या गॅरेजचं नाव होतं. त्या चार ओळींनी तुझी तीस वर्षं पुसली. देगलूरचा आमचा पार्ट्सवाला सांगायचा, आधी ट्रॅव्हल्सवाले बंद झाले, मग दवाखान्याची गाडी, मग शेजाऱ्यांनीसुद्धा मोटारसायकली दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. आता तू आणि तुझा पोरगा फरहान खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवता म्हणे. ज्याला ठोक्यावरून लोखंडाचं पोट कळतं, त्याच्या हाताखाली आता कुणी गाडी ठेवत नाही.

त्या डिसेंबरात तू लातूरला आला होतास. वॉचमननं तुला सांगितलं, साहेब पुण्याला गेलेत. साहेब पार्ट्सच्या स्टोअरमध्ये होते. तिथल्या जाळीतून गेटजवळचा बाक दिसतो. तू दोन तास बसलास. पांढरा शर्ट होता, टोपी मांडीवर काढून ठेवली होती. एकदा उठून नळावर पाणी प्यालास, पुन्हा येऊन बसलास. भांडायला आलेला माणूस असा बसत नाही. तू मला फक्त विचारायला आला होतास, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं, आणि म्हणूनच मी बाहेर आलो नाही. तू निघताना वॉचमनला म्हणालास, "उद्धवला सलाम सांगा." त्यानं तो निरोप मला प्रामाणिकपणे दिला.

असंच सगळं मुरून गेलं असतं. पण येळवशीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. डॉक्टरांच्या आई, गुरम्मा. जळकोटहून एसटीनं एकट्या आल्या होत्या. पिशवीत डबा होता, त्यात शेतातल्या पूजेची भज्जी आणि बाजरीचे उंडे. त्यांनी कंपनीवर आणि तुझ्यावर ग्राहक आयोगात केस केलेली आहे, ते तुला नोटिशीनं कळलंच. बावीस तारखेला साक्षी आहेत. कंपनीचा वकील सारखं तुझ्याकडं बोट दाखवतो. म्हातारी मला म्हणाली, "तुमी खरं लिवलं म्हनून आमाला त्या मानसाचं नाव तरी कळलं. येवढी साक्ष द्या. तुमच्यासारकी मानसं हायती म्हनून चाललंय बगा." आणि डबा माझ्या हातात दिला. इंदू आतून पाणी घेऊन आली. मी म्हणालो, हो, देतो. चांदपाशा, तेव्हासुद्धा मी 'हो' म्हणालो.

त्या गेल्यावर इंदूनं ताट वाढलं. मी ते बाजूला सारलं. तिनं विचारलं, काय झालं. मग मी तिला सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासून. ती ओरडली नाही. डबा घासून, पुसून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "हे त्यांचं त्यांना नेऊन द्या. आणि काय सांगायचं ते तिथंच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जळकोटला गेलो. डॉक्टर घरीच होते, डाव्या हातानं वहीत काहीतरी गिरवत होते. गुरम्मांनी ओळखीचं हसून चहा आणून ठेवला. मी कप उचलला नाही, आधी बोललो. तडा, टाका, रंग, रिपोर्ट, सगळं. आणि हेही की देगलूरच्या माणसानं गाडीला हात लावला नव्हता. त्यानं तुम्हाला वाचवायला पाहिलं होतं. डॉक्टरांनी वही मिटली. मग त्यांनी एकच विचारलं, "रंग तुम्ही स्वतः मारला?" मी म्हणालो, हो. त्यांनी मान खाली घातली. गुरम्मा उठल्या, माझ्यापुढचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या. बाहेर आल्या नाहीत. मी डबा उंबऱ्याजवळ ठेवला आणि स्टँडवर येऊन बसलो. मला कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

परवा मी प्रतिज्ञापत्र दिलं. जॉब कार्डाची माझ्याजवळची प्रत जोडली, अहमदपूर आणि शिरूरच्या गाड्यांचं लिहिलं, 'नो सर'सुद्धा लिहिलं. एजन्सीच्या मालकांचा फोन आला होता, म्हणाले, रिटायर माणसानं हे कशाला उकरायचं. कंपनीनं तसल्या सगळ्या गाड्या परत मागवून तपासायच्या, असा अर्ज आता डॉक्टरांचे वकील करणार आहेत. माझ्यावर फौजदारी होऊ शकते, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. होऊ दे.

पण हे पत्र ह्यासाठी नाही. हे सगळं तुला वकिलाकडून कळलंच असतं. प्रतिज्ञापत्र देताना वकिलांनी मला केसची फाइल वाचायला दिली, त्यात तुझा जबाब होता. तीन पानं, तुझ्या सहीचा. मी तो चार वेळा वाचला. तू लिहिलंयस की तडा दिसला, हात लावला नाही, लातूरला जा म्हणून सांगितलं. आणि तिथंच थांबलास. मला फोन केल्याचं कुठंच नाही. मी जबान दिल्याचं नाही. तो एक फोन सांगितला असतास तर तू त्याच दिवशी सुटला असतास. तुझं गॅरेज राहिलं असतं. फोन कंपनीकडून नोंद काढता आली असती, फरहाननं ती दहा मिनिटांत काढली असती. तू त्याला काढू दिली नसशील. इतकी वर्षं मी समजत होतो की मी तुझ्यापासून लपलोय. लपवून तर मला तू ठेवलं होतंस. आता बावीस तारखेला तुला उभं करतील आणि विचारतील, गाडीबद्दल आणखी कुणाला सांगितलं होतं का. मी माझ्या कागदात लिहिलंय, पण ते माझं झालं. ते तुझ्या तोंडून आलं पाहिजे, भर आयोगात, देगलूरच्या लोकांपुढं. माफी मागायला लिहीत नाही, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. एवढंच मागतो: मी समोरच्या बाकावर बसलेला असेन. माझ्याकडं बघ, आणि माझं नाव घे.

तुझाच, आणि हा शब्द तू खोडलास तरी माझी तक्रार नाही,
उद्धव